तोंडाने आधी आपण, हाताने आधी समोरचा: परदेशी माणसाला भेटायचं कसं

आमच्या गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडची बरीच मुलं आता तारवटी म्हणजे खलाशी म्हणून क्रूझवर जातात, कोणी दुबई-मस्कतला हॉटेलात लागतात, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बन गाठतात, आणि जी इथेच राहतात त्यातली कितीतरी मांद्रे-मोरजीच्या गेस्ट हाऊसमध्ये रिसेप्शनला उभी असतात. माझं कामही तेच, रिसेप्शनचं, त्यामुळे जायच्या आधी ही मुलं मला हमखास विचारतात की तिकडची माणसं भेटली की नेमकं करायचं काय, हात द्यायचा, जोडायचा, का नुसतं हसायचं. मग कोणीतरी व्हॉट्सअॅपवर यादी टाकतं, जपानात वाका, फ्रान्सात गालाला गाल लावा, थायलंडात हात जोडा. यादी चुकीची नसते हो, पण तेवढ्याने भागत नाही, कारण त्याच जपानात कोणापुढे किती वाकायचं आणि त्याच फ्रान्सात कोणाला गाल लावायचा नाही हे त्या यादीत नसतं, आणि घोळ होतो तो तिथेच.

म्हणून देशांची यादी बाजूला ठेवू आणि आधी आपल्याच वाड्यावर बघू. आमच्या शेजारी ख्रिश्चन घर आहे. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणून झाली की त्या घरातली मुलं हात जोडून एकेका मोठ्या माणसासमोर जातात, "बेसांव" म्हणतात, आणि मग आजी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. आमच्या घरी चतुर्थीला मुंबईहून काका आले की आम्ही वाकतो आणि ते पाठीवर हात ठेवतात. दोन्ही घरांचे देव वेगळे, भाषेतले शब्द वेगळे, पण क्रम बघा, लहान माणूस पुढे येऊन तोंडाने सुरुवात करतो आणि अंगाला हात लावायचा की नाही हे मोठं माणूस ठरवतं. आजी मुलाच्या डोक्यावर हात ठेवते, मूल आजीच्या डोक्यावर ठेवत नाही.

जगातल्या निम्म्याअधिक रीती समजायला हा एवढा धागा पुरतो असं माझं मत आहे. कुठल्याही भेटीत तीन गोष्टी ठरत असतात, सुरुवात कोणी करायची, स्पर्श करायचा का, आणि हे सगळं किती वेळ चालायचं. त्यातलं बोलणं शक्यतो आपण सुरू करावं, आपण पाहुणे असतो, नंतर आलेले असतो. स्पर्श मात्र समोरच्याने सुरू केला तरच. अर्धा सेकंद थांबायचं, बघायचं, मग तो करतो तेच करायचं.

आता सुरुवातीचं जरा सविस्तर. मुसलमानांमध्ये सलाम कोणी आधी करायचा याचा नियमच ठरलेला आहे, वाहनावर असलेल्याने चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी पुष्कळांना, लहानाने मोठ्याला. म्हणजे मस्कतमध्ये तुम्ही दहा माणसं बसलेल्या खोलीत शिरलात तर ती दहा जणं तुमच्या तोंडाकडे बघणार, सलाम तुम्ही करायचा. तुम्ही हिंदू असा, ख्रिश्चन असा, "अस्सलामु अलैकुम" म्हटलेलं तिथे चांगलंच वाटतं. फ्रान्समध्ये हीच गोष्ट दुकानात. बेकरीत शिरलात, केमिस्टकडे शिरलात, बसमध्ये चढलात, की आधी "बोंझूर", मग काय हवं ते. आपल्याकडे म्हापशाच्या बाजारात आपण थेट "पात्रांव, सुंगटां कशी दिली?", म्हणजे मालक, कोळंबी कशी दिली, म्हणून सुरू करतो आणि त्यात कोणाला काही वाटत नाही, फ्रान्समध्ये मात्र बोंझूर न म्हणता थेट मागितलंत तर दुकानदाराला तो उद्धटपणा वाटतो आणि मग आपली माणसं घरी येऊन सांगतात की फ्रेंच लोक फार खडूस. खडूस नसतात, त्यांच्या हिशोबी तुम्ही त्यांच्या जागेत शिरलात आणि त्यांची दखलसुद्धा घेतली नाहीत. आमच्याकडे येणारे फ्रेंच पाहुणे सकाळी रिसेप्शनसमोरून जाताना रोज न चुकता गुड मॉर्निंग म्हणतात, आणि आपल्या मुलांनी मोबाईलमधून मान वर केली नाही तर त्यांना ते लागतं, मी स्वतः बघितलंय.

थायलंडचं प्रकरण आपल्या लोकांसाठी जास्त फसवं आहे कारण ते ओळखीचं वाटतं. तिथे हात जोडतात त्याला वाय म्हणतात, दिसायला आपला नमस्कारच, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि विमानतळापासून दिसेल त्याला हात जोडत सुटतो. पण आपला नमस्कार आपण आमदाराला करतो तोच शेजाऱ्यालाही करतो, हाताची उंची मोजत नाही. वायमध्ये उंचीच महत्त्वाची. बरोबरीच्या माणसाला करताना अंगठे हनुवटीपाशी, आईवडील-गुरुजी-वयस्कर माणूस असेल तर अंगठे नाकापाशी आणि मान खाली, भिक्खू असेल तर अंगठे दोन्ही भुवयांच्या मधे. आणि सुरुवात लहानाने करायची, मोठ्याने उत्तर द्यायचं. भिक्खू उलट वाय करत नाहीत, तो अपमान नव्हे. हॉटेलातल्या वेटरने किंवा लहान मुलाने वाय केला तर हसून मान हलवली की पुरे, आपण आधी जाऊन त्यांना वाय केला तर ती माणसं उगाच अवघडतात. बाईमाणसाने भिक्खूला हात लावायचा नाही, त्याच्या हातात थेट वस्तूही द्यायची नाही. कोणाच्याही डोक्याला हात नको, लाडाने लहान मुलाच्या सुद्धा नको, आणि बसताना पायाचे तळवे माणसाकडे किंवा बुद्धमूर्तीकडे नकोत, हे शेवटचं आपल्याला वेगळं शिकवायला नको, देवळात पाय पसरून बसलं तर आपल्या आज्याही ओरडतात.

क्रूझवर जाणाऱ्यांसाठी फिलिपिन्सचं सांगायलाच हवं, कारण बोटीवर तुमच्या शेजारच्या बंकवर फिलिपिनोच असण्याची शक्यता जास्त. बोटीवर ते सगळ्यांसारखेच हात मिळवतात, पण सुट्टीत कोणी मनिलाला घरी नेलं तर तिथे त्यांची आजी हात पुढे करेल, उलटा, पालथा. तो शेकहँडचा हात नव्हे. तो हात आपल्या हातात घ्यायचा, वाकायचं आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवायची, "मानो पो" म्हणायचं. परत तेच बघा, आशीर्वाद लहानाने मागायचा, हात मोठ्याने द्यायचा. बेसांव घेत वाढलेल्या मुलाला हे एका सेकंदात कळतं.

जपानमध्ये अंग लावायचा प्रश्नच कमी, तिथे सगळं वाकण्यात. साधारण १५ अंश म्हणजे येताजाता ओळखीच्याला, ३० अंश म्हणजे गिऱ्हाईक किंवा साहेबाला, ४५ अंश म्हणजे खूप मोठा मान किंवा मनापासून माफी. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं, नजर खाली. परदेशी माणसाने कोन मोजत बसावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते, मान आणि खांदे थोडे झुकवले तरी चालतं, फक्त वाकता वाकता हातही पुढे करू नका, डोक्याला डोकं आपटतं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं आणि मीटिंग संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं, मागच्या खिशात कोंबायचं नाही. कोरियातही मोठ्या माणसाशी हात मिळवताना डावा हात आपल्या उजव्या मनगटाला किंवा कोपराला लावतात, वस्तू देताघेताना दोन्ही हात. आपणही प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरतोच की.

आता स्पर्श. सगळ्यात जास्त नाजूक विषय हा, त्यामुळे इथे घाई नको.

हात मिळवणं हे आपण साहेबी समजतो, पण ते फार जुनं आहे, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातल्या एका असिरियन शिल्पात राजा शालमनेसर तिसरा बाबिलोनच्या राजाशी हात मिळवताना कोरलेला आहे. आज जगभर तेच चालतं म्हणून आपल्याला वाटतं की हा तरी सेफ, हात पुढे केला की झालं. तसं नाही. आखाती देशात बरेच पुरुष परक्या बाईशी हात मिळवत नाहीत आणि बऱ्याच बायका परक्या पुरुषाशी, धार्मिक ज्यू लोकांमध्येही तेच. इस्रायली पर्यटक आपल्याकडे हरमल-हणजूणला भरपूर येतात, बहुतेकजण बिनधास्त हात मिळवतात, पण डोकं झाकलेली धार्मिक कुटुंबं असली तर पुरुषाने बाईपुढे आणि बाईने पुरुषापुढे हात करू नये. ती माणसं नकार देतात तेव्हा हात छातीवर ठेवतात आणि मान झुकवतात. तो तुमचा अपमान नाही, त्यांच्या दृष्टीने परक्याला स्पर्श न करणं हाच त्या माणसाचा मान.

आणि हीच गोष्ट युरोपात बरोबर उलटी लागते. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या थेरविल गावात दोन मुसलमान विद्यार्थ्यांनी बाई शिक्षिकेशी हात मिळवायला नकार दिला, तिथे वर्गात शिक्षकांशी हात मिळवायची पद्धत आहे. शाळेने आधी सूट दिली, मग प्रांताच्या सरकारने ती काढून घेतली आणि सांगितलं की नकार दिला तर पालकांना ५,००० फ्रँकपर्यंत दंड होऊ शकतो. डेन्मार्कने तर जानेवारी २०१९ पासून नागरिकत्व घेण्याच्या समारंभात अधिकाऱ्याशी हात मिळवणं कायद्यानेच सक्तीचं केलं. म्हणजे एका ठिकाणी हात पुढे करणं म्हणजे मर्यादा सोडणं आणि दुसऱ्या ठिकाणी हात मागे घेणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं. यात कोण बरोबर यावर लोक रात्ररात्र भांडतात, पण प्रवाशाला तो निकाल द्यायचा नसतो, त्याला एवढंच कळायला हवं की समोरच्याच्या हाताला वजन आहे. म्हणून म्हणतो थांबा. जर्मन माणूस असेल तर तो स्वतःच हात पुढे करेल, घट्ट, डोळ्यात बघून, मग तुम्हीही तसाच द्या, मेलेल्या माशासारखा लुळा हात त्यांना आवडत नाही.

हात पुढे केला आणि समोरून आलाच नाही तर काय, असं मुलं घाबरून विचारतात. सोपं आहे, तोच हात वळवून आपल्या छातीवर ठेवायचा, हसायचं, मान किंचित खाली. मोरोक्कोपासून मलेशियापर्यंत हे सगळ्यांना कळतं आणि दोघांचीही अब्रू राहते.

पोर्तुगालला जाणाऱ्यांनी गालाचं शिकून घ्यावं. तिथे बाई-बाई आणि बाई-पुरुष भेटले की दोन्ही गालांना एकेकदा, पुरुष-पुरुष हात मिळवतात, अगदी घरचे असले तर मिठी. ओठ गालाला लागत नाहीत, गालाला गाल आणि हवेत हलका आवाज. आपल्या सासष्टीतल्या ख्रिश्चन घरांतल्या लग्नात हे बघितलेलं असेल तर निम्मं काम झालं. ऑफिसात पहिल्या दिवशी मात्र हातच. फ्रान्समध्ये पॅरिसला साधारण दोन, दक्षिणेत काही भागात तीन, कुठे चारसुद्धा, त्यामुळे फ्रेंच माणूससुद्धा दुसऱ्या गावी गेला की अडखळतो, आणि कोरोनानंतर बऱ्याच जणांनी ऑफिसात हा प्रकार कमी केलाय. अर्जेंटिनात एकच, पण तिथे पुरुष पुरुषालाही. आपल्याकडच्या मुलांना हे ऐकूनच लाज वाटते, पण तिथे त्यात तसलं काही नसतं. अबू धाबी, दोह्याकडे पुरुष नाकाला नाक लावतात, ते आपसातलं, परक्याने स्वतःहून करायचं नाही.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा होंगी मला सगळ्यात जास्त आवडतो. दोघं जवळ येतात, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवतात, क्षणभर थांबतात. त्यात श्वास वाटून घेतला असं ते मानतात, आणि मराए म्हणजे त्यांच्या सभास्थानावर पाहुण्याचा होंगी झाला की तो परका उरला नाही. बाहेरचे लोक याला नाकाने केलेलं चुंबन म्हणतात, ते त्यांना अजिबात आवडत नाही. डोळे मिटले तरी चालतात, नाक घासायचं नाही, आणि पुढाकार अर्थातच यजमानाचा.

रशियन लोकांबद्दल मात्र मला प्रत्यक्षातलं सांगता येईल, मोरजीत राहून ते कळणारच. एकदा एका रशियन पाहुण्याला खोलीची दुसरी किल्ली द्यायला गेलो, मी व्हरांड्यात, तो दाराच्या आत. किल्ली देता देता त्याने हात पुढे केला, मग मधेच मागे घेतला, चप्पल घालून बाहेर व्हरांड्यात आला आणि तिथे उभं राहून माझा हात घेतला, चांगला घट्ट. उंबरठ्यावरून हात मिळवला तर भांडण होतं अशी त्यांची समजूत. मला त्यात काही नवल वाटलं नाही, आमच्या घरीही उंबरठ्यावर बसू देत नाहीत, शिंकूही देत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक मुलगा दार उघडलं की एक पाऊल मागे सरतो, म्हणजे पाहुणा बाहेर येतो किंवा त्याला आत बोलावतो. रशियात पुरुष हातमोजा काढून हात मिळवतात, बाईकडून हात आला तरच मिळवायचा. घरात गेलात तर बूट दारात, ते सपाता देतात. फुलं न्यायची तर एक, तीन, पाच अशी विषम, सम संख्येची फुलं मयताला नेतात.

जवळ किती उभं राहायचं हाही स्पर्शाचाच भाग. १९६० च्या दशकात एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने अंतरं मोजली, त्यात साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत घरची माणसं, तिथून सव्वा मीटरपर्यंत ओळखीची, त्याच्या पलीकडे बाकीची, पण ती अमेरिकन लोकांची मापं. २०१७ मध्ये ४२ देशांतल्या सुमारे ९,००० लोकांवरचा अभ्यास छापून आला, त्यात परक्या माणसापासून सगळ्यात लांब उभे राहणारे रोमानियाचे निघाले आणि सगळ्यात जवळचे अर्जेंटिनाचे. आपल्याला कदंबा बसच्या रांगेत पुढच्याच्या पाठीला चिकटून उभं राहायची सवय, तीच सवय एअरपोर्टच्या रांगेत इंग्रज माणसाच्या मागे चालत नाही, तो पुढे सरकतो, आपण परत पुढे सरकतो. हातभर अंतर सोडा, तुमचा नंबर कोणी घेत नाही.

आणि हे सगळं शिकून जायचं तसं आपल्या किनाऱ्यावरही पाळायचं. कळंगुटला एखाद्या गोऱ्या कुटुंबाचं बाळ दिसलं की आपल्या बायका गाल ओढतात, कडेवर घेतात, लोक गराडा घालून सेल्फी काढतात. प्रेमाने करतात हे मान्य, पण त्या आईला परक्याने मुलाला उचललेलं बघून धडकी भरते. पोहायच्या कपड्यातल्या बायकांचे न विचारता फोटो काढणारे तर प्रेमानेही काढत नाहीत. गोव्याच्या पर्यटन खात्याला जानेवारी २०२३ मध्ये लेखी सूचना काढावी लागली की पर्यटकांचे सेल्फी आणि फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नका, खास करून ऊन खाताना आणि समुद्रात पोहताना. मला त्याचा खरंच राग येतो, पाहुण्याला देव म्हणणाऱ्या लोकांना हे सरकारने सांगायला लागावं.

आपला नमस्कार कुठे चालतो हेही विचारतात. जवळजवळ सगळीकडे चालतो, आणि स्पर्श नसल्यामुळे तो कोणालाच अडचणीत टाकत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोना पसरत असताना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी पॅरिसमध्ये स्पेनच्या राजा-राणीचं स्वागत हात जोडूनच केलं. पण समोरच्याने हात पुढे केलेला असताना आपण मुद्दाम हात जोडून उभं राहिलो तर तो नकार वाटतो, तेव्हा त्याचा हात घ्यावा.

वेळेचं थोडक्यात. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस "हाऊ आर यू" म्हणाला तर त्याला तुमची पाठदुखी ऐकायची नसते, फाइन म्हणून पुढे. आखातात नेमकं उलटं, तुमची तब्येत, आईवडील, मुलं, प्रवास, परत तब्येत, अशी विचारपूस चांगली पाच मिनिटं चालते आणि कामाचं त्यानंतर. तुम्हीही घरच्यांची चौकशी करायची, पण पुरुषाने पुरुषाला त्याच्या बायकोबद्दल नाव घेऊन विचारायचं नाही, "घरी सगळे बरे?" एवढंच. मग कॉफी येते. वाढणारा किटली डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने कप देतो, आपणही उजव्यानेच घ्यायचा. कप छोटा, बिनकानाचा आणि तळाला जेमतेम भरलेला असतो, त्याला कंजूषपणा समजू नका, पूर्ण भरला तर त्याचा अर्थ प्या आणि निघा असा होतो. कप रिकामा झाला की तो परत ओततो, परत ओततो, "नको" म्हणूनही ओततो, कारण बस झालं हे कप हलवून सांगायचं असतं, हातातच दोन-तीनदा डावीकडे-उजवीकडे.

निघताना पोर्तुगालमध्ये सगळ्यांना परत एकेकदा गाल लावत फिरावं लागतं, दहा माणसं असतील तर दहा जणांना, त्यामुळे टॅक्सी बोलवायच्या आधीच उठा. जपानमध्ये यजमान तुमची गाडी वळेपर्यंत बाहेर उभे राहतात, मागे वळून एकदा मान झुकवायची. ओमान-अमिरातीत मात्र कोणी तुम्हाला जा म्हणणार नाही, जेवण झालं, कॉफी झाली की ऊदाचा धूप घेऊन कोणीतरी येतं, तो हाताने कपड्यांवर घ्यायचा, पुढच्याकडे द्यायचा, आणि धूप सगळ्यांकडे फिरून झाला की उठायचं, त्यानंतर बसत नाहीत.